विश्लेषण : धावणाऱ्यांचे तेच दुखणे पुन्हा पुन्हा का उलटते?

वर्ध्यात पहाटे सेवाग्राम, पवनार, सावंगीच्या रस्त्यांवर हौशी धावपटू दिसतात. यांच्यातली एक तक्रार ओळखीची आहे. गुडघा, टाच किंवा नडगी दुखते, पंधरा दिवस विश्रांती घेतली की थांबते आणि धावणे सुरू केले की तेच दुखणे परत येते. असे का होते आणि ते कसे टाळायचे?

विश्रांतीने दुखणे का जात नाही?

पाय मुरगळतो तशी ही एका क्षणात होणारी इजा नसते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो आणि एका किलोमीटरमध्ये साधारण हजार पावले पडतात. हा भार सोसूनच स्नायू आणि हाडे मजबूत होतात, पण त्यांना वेळ लागतो. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडांना आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना मात्र काही महिने लागतात. विश्रांतीने वेदना थांबते, पण ताकद वाढत नाही, उलट कमी होते. वेदना गेली म्हणजे पाय बरा झाला, असे समजून माणूस जुन्याच अंतरावर परततो. म्हणूनच आधी झालेली दुखापत हे पुढच्या दुखापतीचे सर्वात मोठे कारण मानले जाते.

वर्ध्यात हा धोका केव्हा वाढतो?

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, मग पावसाळा येतो. या काळात अनेकांचे धावणे कमी होते किंवा बंद पडते. थंडी आली की मॅरेथॉनचा हंगाम सुरू होतो आणि मोठा खंड पडलेले पाय एकदम लांब अंतराला जुंपले जातात.

नवे संशोधन काय सांगते?

डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी ८७ देशांतील ५,२०५ धावपटूंच्या नोंदी १८ महिने तपासल्या. हा अभ्यास २०२५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या ३० दिवसांतील सर्वात लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी १० ते ३० टक्के जास्त धावल्यास दुखापतीचा धोका ६४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. अंतर दुपटीहून अधिक झाल्यास तो १२८ टक्क्यांनी वाढला. आठवड्याच्या एकूण अंतरातील वाढीशी मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणजे पाय बहुधा एकाच दिवसाच्या अतिरेकाने बिघडतो.

महिनाभरात सर्वात लांब धाव सहा किलोमीटरची असेल, तर पुढची फार तर साडेसहाची असावी. मित्रांच्या आग्रहाने वर्धा ते सेवाग्राम आणि परत, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर, धावणे टाळावे. महिन्याहून मोठा खंड पडला असेल, तर एक मिनीट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी सुरुवात बरी.

व्यायाम कोणते करावेत?

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. त्यासाठी जिम लागत नाही. पायरीवर उभे राहून टाचा सावकाश वर-खाली करणे, बैठका, पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणे, हे घरी जमते. ब्राझीलमधील ११८ धावपटूंवरील प्रयोगात (२०२०) तळपायाचे व्यायाम न करणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता जवळपास अडीच पट जास्त आढळली. धावण्यापूर्वी स्नायू ताणून धरल्याने दुखापत टळते, असे मात्र सिद्ध झालेले नाही. त्याऐवजी पाच-दहा मिनिटे भरभर चालून अंग गरम करावे. पाऊल थोडे आखूड आणि जलद टाकल्यास गुडघ्यावरचा भार कमी होतो.

दुखत असताना धावावे का?

शून्य ते दहा या मापात वेदना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेली नसेल, तर कमी अंतर धावायला सहसा हरकत नसते. वेदना त्याहून जास्त असेल किंवा सकाळी पाय आखडत असेल, तर अंतर आणखी कमी करावे. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. गोळीने वेदना दबते, भार तेवढाच राहतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असे दुखत असेल, रात्री वेदना होत असेल, सूज असेल, लंगडत चालावे लागत असेल किंवा त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत तो अनेकदा दिसत नाही. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवून अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्यातच आहेत. जाताना गेल्या दोन महिन्यांत कोणत्या दिवशी किती धावलो, याची मोबाइलमधील नोंद दाखवावी. दुखण्याचे कारण बरेचदा त्यातच सापडते.