हसण्याआधी वय विचारा

आजच्या विषयाची सुरुवात एका कबुलीने करतो. २०११ च्या मार्च महिन्यात एका मित्राने मला एका इंग्रजी गाण्याची लिंक पाठवली. सोबत एवढंच लिहिलं होतं, ‘बघ आणि हस.’ मी बघितलं, हसलो आणि पुढे तीन-चार जणांना पाठवूनही दिलं. गाण्याचं नाव ‘फ्रायडे’, गायिका रेबेका ब्लॅक. ती किती वर्षांची असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. ती १३ वर्षांची होती.

आता ते गाणं कसं तयार झालं ते बघा. रेबेका कॅलिफोर्नियातली मुलगी. तिथे एक छोटी कंपनी हौशी मुलांना गाणं आणि व्हिडिओ करून देत असे. आईने त्यासाठी ४,००० डॉलर भरले. आपल्याकडे आईवडील मुलीला नाचाच्या क्लासला घालतात, अरंगेत्रमला खर्च करतात, त्यातलाच हा प्रकार. गाण्याचे शब्द मोठ्या माणसांनी लिहिले. चाल मोठ्यांची. आवाजावर यंत्राने प्रक्रिया केली, तीही मोठ्यांनीच. मुलीकडे उरलं काय, तर पुढ्यात आलेलं मन लावून गाणं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसणं. पण जगाने चेष्टा केली ती फक्त तिची.

फेब्रुवारीत व्हिडिओ आला तेव्हा तो फारसा कुणी बघितला नव्हता. मार्चमध्ये विनोदी संकेतस्थळांनी तो उचलला आणि काही दिवसांत कोटींनी बघणारे झाले. यूट्यूबवर ‘नापसंत’चं बटण १० लाखांहून अधिक वेळा दाबलं गेलं. तिला जीवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिसांना लक्ष घालावं लागलं. तेरा वर्षांची पोर, मंडळी!

तिच्या आधी हे जस्टिन बीबरच्या वाट्याला आलं होतं. त्याचं ‘बेबी’ हे गाणं जानेवारी २०१० मध्ये आलं, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. सगळ्यात मोठी थट्टा कशावरून झाली? आवाज मुलीसारखा आहे यावरून. अहो, या वयात मुलांचा कंठ फुटत असतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मग आवाज खाली उतरतो. तुमच्या-माझ्या घरातल्या मुलाचं तेच होतं. आपण त्यावर फार तर एकदा गंमत करतो. त्याच्यावर लाखो लोकांनी केली.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्यापैकी प्रत्येकाला वाटतं, मी तर एकच ओळ लिहिली, त्यात काय एवढं? खरं आहे. लिहिणाऱ्याकडून एकच ओळ जाते. पण वाचणारी एकटी असते आणि तिच्याकडे त्या सगळ्या ओळी पोचतात. गावच्या जत्रेत कुणी बेसूर गायलं तर शंभर माणसं हसतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. इथे विसरणं नाही. शाळेत जावं तर वर्गातल्या मुलांनीही ते सगळं वाचलेलं असतं.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांची. तरुण गायकाची थट्टा बहुतेक वेळा त्याच्या श्रोत्यांचीही असते, आणि हे श्रोते म्हणजे बऱ्याचदा शाळकरी मुली. हे आजचं नाही. फेब्रुवारी १९६४ मध्ये, बीटल्सची लाट ऐन भरात असताना, पॉल जॉन्सन या पत्रकाराने ‘न्यू स्टेट्समन’ या ब्रिटिश साप्ताहिकात लेख लिहिला. बीटल्समागे धावणारी मुलं-मुली म्हणजे त्या पिढीतली मंद, आळशी, वाया गेलेली, असा त्याचा सूर होता. तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याच बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आला आणि जाणकार समीक्षक त्यावर गंभीरपणे लिहू लागले. थोडक्यात, त्या किंचाळणाऱ्या पोरींचे कान तितके वाईट नव्हते. (हशा)

आता कुणी विचारेल, मग काय प्रत्येक गाण्याला वाहवा म्हणायचं? नाही. आदर म्हणजे कौतुक नव्हे. ‘फ्रायडे’चे शब्द फुटकळ आहेत, हे मी आजही म्हणेन. १० मे २०१७ ला बीबर नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला होता. तो बऱ्याच ठिकाणी स्वतः न गाता ध्वनिमुद्रणावर नुसते ओठ हलवतोय, अशी तक्रार प्रेक्षकांनी केली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता, तिकिटं महाग होती. पैसे मोजलेल्या माणसाने अशी तक्रार करावी, हा त्याचा हक्कच आहे. पण ‘त्याला ऐकायला गेलेली पोरं बिनडोक’ असं म्हटलं की ती तक्रार राहत नाही. तो नुसता अपमान होतो.

फरक ओळखायची माझी साधी कसोटी अशी. बोलणं गाण्याबद्दल आहे की माणसाच्या रूपाबद्दल, आवाजाबद्दल, घरच्यांबद्दल? दोष ज्याचा त्याला देतोय की समोर दिसणाऱ्या मुलाला? आणि तिसरं, हेच वाक्य त्या मुलीच्या तोंडावर, तिची आई शेजारी बसलेली असताना, मी म्हणेन का?

रेबेकाचं पुढे काय झालं? २०२० च्या फेब्रुवारीत, त्या गाण्याला नऊ वर्षं झाली तेव्हा, तिने मागे वळून लिहिलं. तेराव्या वर्षी स्वतःचीच लाज वाटत होती. पंधराव्या वर्षी मन खचलं होतं, बोलायला कुणी नव्हतं. सतराव्या वर्षी शाळेत तिच्यावर आणि मैत्रिणींवर खाण्याचे पदार्थ फेकले जात. एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ प्रत्येक निर्माता-गीतकार सांगत होता की तुझ्यासोबत काम करणार नाही. तरीही तिने गाणं सोडलं नाही. २०२१ मध्ये दहा वर्षं झाली तेव्हा त्याच ‘फ्रायडे’चं नवं रूप इतर कलाकारांसोबत तिने स्वतः आणलं आणि २०२३ मध्ये तिचा पहिला पूर्ण अल्बम आला. ती टिकली, याचं श्रेय तिचं आहे. ‘बघा, टीकेने माणूस घडतो’ असा अर्थ कृपा करून काढू नका. न टिकलेल्यांची नावं आपल्याला कळतही नाहीत.

यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नापसंत’चा आकडा लोकांपासून लपवला. ठरवून केले जाणारे हल्ले कमी व्हावेत, विशेषतः लहान आणि नव्या मंडळींवरचे, हे कारण कंपनीने दिलं. आकडा लपला, पण बटण अजून आहे, आणि पुढे पाठवायची सोय आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

तेव्हा आज घरी गेल्यावर मुलगी कानाला हेडफोन लावून काहीतरी ऐकत असेल, तर ‘काय हे कर्कश!’ म्हणण्याआधी एकदा विचारा, ‘कोण गातंय? मला ऐकव की.’ ऐकून आवडलं नाही तर तसं सांगा, का ते सांगा. आणि उद्या कुणी ‘बघ आणि हस’ म्हणून काही पाठवलं, तर पुढे ढकलण्याआधी गाणाऱ्याचं वय बघा. मी २०११ मध्ये बघितलं नव्हतं.