मातीच्या पाळीचे सांगणे

पावसाळा तोंडावर आला की आम्ही शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांना गावाबाहेरील तलावाच्या पाळीवर घेऊन जातो. माळव्यातील हा तलाव लहानच. परंतु मातीचे धरण म्हणजे काय, हे समजण्यास तेवढा पुरेसा आहे.

अशा पाळीच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो; तो पाणी अडवितो. दोन्ही अंगांना मुरुमाचे कवच असते. ते गाभ्यास आधार देते. नाल्याचा लोंढा तलाव पोटात घेतो व सांडव्यावाटे सावकाश सोडतो; त्यामुळे खालची शिवारे वाचतात आणि साठलेले पाणी पुढे विहिरींना पुरते. मात्र पाणी माथ्यावरून वाहू लागले, तर पाळ टिकत नाही. म्हणून सांडवा मोकळा राखणे, हे पहिले पथ्य.

दुसरे पथ्य पाझराचे. थोडा पाझर मातीच्या पाळीला असायचाच. तो नितळ आहे आणि वाढत नाही, तोवर फारशी चिंता नसते. पाणी गढूळ येऊ लागले, की समजावे, पाळ आतून पोखरली जात आहे.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. पायथ्याच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे प्राणांस मुकली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. पुढे दोष खेकड्यांवर ठेवला गेला, तेव्हा पुष्कळांना हसू आले. आम्हांस आले नाही. बीळ करणे हा खेकड्याचा स्वभाव. ते वेळीच शोधून बुजविणे हे माणसाचे काम.

ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यात कारम नदीवरील बांधकाम चालू असलेले मातीचे धरण असेच झिरपू लागले. तेथे अठरा गावे रिकामी करण्यात आली, बाजूने चर खोदून पाणी सोडण्यात आले, आणि एकही जीव गेला नाही. पाझर दोन्हीकडे बोलला होता. एके ठिकाणी तो ऐकला गेला.

यंदा पाळीवर एका मुलाने आम्हांस विचारले, "पाणी गढूळ दिसले, तर सांगायचे कोणाला?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मग म्हणालो, "प्रथम आम्हांला. नंतर आपण सारे मिळून पंचायतीस सांगू, तहसीलदारांस सांगू. आणि कोणी येऊन पाहीपर्यंत सांगतच राहू."

त्या दिवसापासून शाळेत एक वही ठेवली आहे. तीत मुले दर आठवड्यास तारीख, पाण्याची पातळी आणि पाझराचा रंग लिहितात.