देहांतील दुसरा ओघ

कांहीं वर्षांमागें एका रात्रीं दहाच्या सुमारास आमच्या नांदेडच्या घरीं आरोग्य खात्याचा एक तरुण सेवक आला. "गुरुजी, बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब घ्यावयाचा आहे," असें तो अदबीनें म्हणाला. आम्ही निजावयाच्या बेतांत होतों. "रक्त घेण्याची ही का वेळ? सकाळीं या," असें सांगून आम्हीं त्यास परत लाविलें. बिचारा कांहीं न बोलतां शेजारच्या घरीं गेला. पस्तीस वर्षें मुलांना 'आधीं ऐकावें, मग बोलावें' असें शिकविणाऱ्यानें स्वतः मात्र कांहींच ऐकून घेतलें नाहीं. त्या रात्रीच्या थेंबाचें मर्म कळावयास आम्हांस पुढें शरीरशास्त्राचीं पुस्तकें चाळावीं लागलीं. त्यांतून जें कळलें तें वाचकांपुढें मांडीत आहों.

शरीरांत रक्त फिरतें हें शाळकरी पोरही सांगेल. त्याच्या जोडीनें एक दुसरा ओघ अहोरात्र वाहत असतो, त्याची मात्र आपणांस वार्ताही नसते. केसाहून सूक्ष्म अशा रक्तवाहिन्यांतून रक्तांतील पातळ अंश सतत पाझरतो व पेशीपेशीस न्हाऊं घालतो. त्यांतील बहुतेक भाग रक्तांत परत शिरतो. तथापि दिवसाकांठीं सुमारें ३ लिटर द्रव बाहेर उरतो. तो गोळा करून रक्तांत नेऊन सोडणाऱ्या बारीक नळ्यांचें जाळें सर्वांगभर पसरलेलें आहे. या नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या, आणि त्यांतून वाहणारा द्रव ती लसीका. या ओघास हृदयासारखें स्वतंत्र यंत्र नाहीं. वाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनानें आणि आपल्या चालण्या-हालण्याच्या व श्वासाच्या दाबानें तो पुढें सरकतो, व वाटेंतील झडपा त्यास मागें फिरूं देत नाहींत. दोन्ही पायांची, पोटाची व डाव्या अंगाची लसीका शेवटीं मानेखालीं, डाव्या हांसळीच्या हाडामागें, मोठ्या शिरेस जाऊन मिळते.

या वाटेवर ठिकठिकाणीं चौक्या आहेत. घेवड्याच्या दाण्यासारख्या या लसीकाग्रंथि शरीरांत सुमारें ६०० असतात. जांघ, काख व मान येथें त्यांची विशेष दाटी. पायांत कांटा मोडून पिकला कीं जांघेंत अवधाण येतें, हें आमच्या आजीसही ठाऊक होतें. जखम पायास आणि गांठ जांघेंत कां, या आमच्या बालपणच्या प्रश्नाचें उत्तर मात्र तिच्यापाशीं नव्हतें. तें उत्तर असें, कीं पायाकडून येणारी लसीका जांघेंतील चौकीवर गाळली जाते. तिच्याबरोबर आलेले जंतु तेथें अडतात, पांढऱ्या पेशी त्यांच्याशीं झुंजतात व भराभर वाढतात. म्हणून ग्रंथि फुगते आणि दुखते. अवधाण म्हणजे चौकीदार जागे असल्याची खूण होय. मात्र कोणतीही गांठ दोनतीन आठवड्यांत उतरली नाहीं, तर ती डॉक्टरांस दाखविण्यांत हयगय करूं नये.

हे चौकीदार कोठें घडतात? जन्म सर्वांचा हाडांतील मज्जेंत. त्यांतील एक वर्ग तेथेंच परिपक्व होतो, आणि जंतूंवर नेमकें जाऊन चिकटणारीं प्रतिपिंडें त्याच्यापासून बनतात. दुसरा वर्ग छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत जातो. ती एक पाठशाळाच म्हणावी. आपलें कोण व परकें कोण याची तेथें कसून परीक्षा होते, व जे आपल्याच देहावर उठतील असें दिसतें त्यांस तेथेंच संपविलें जातें. बहुसंख्य विद्यार्थी या परीक्षेंतून पार पडत नाहींत. बालपणीं मोठी असणारी ही ग्रंथि वयांत आल्यावर आटत जाते, म्हणून ती निरुपयोगी असा पुष्कळ काळ समज होता. तिचें खरें कार्य जॅक मिलर या शास्त्रज्ञानें १९६१ सालीं दाखवून दिलें. निवृत्तास निरुपयोगी ठरविण्याची घाई करूं नये, एवढा बोध आम्हीं त्यांतून घेतला!

डाव्या बरगड्यांखालची पाणथरी, म्हणजेच प्लीहा, ही रक्ताची गाळणी. लसीकाग्रंथि लसीका तपासतात, तर पाणथरी रक्त तपासते व जीर्ण तांबड्या पेशी वेंचून मोडते. हिंवतापांत ती वाढते हें जुन्या वैद्यांस बोटांनीं चांचपून कळत असे. घशांतील टॉन्सिल आणि लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांतील ग्रंथिपुंज हे अन्नपाण्याच्या वाटेवरील पहारेकरी होत.

इतका कडेकोट बंदोबस्त असतां एक शत्रु नेमका या वाहिन्यांतच घर करून राहतो. तो हत्तीपायाचा सुतासारखा कृमि. त्याची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब भरते, सहा ते आठ वर्षें जगते आणि लक्षावधि सूक्ष्म पिलें रक्तांत सोडते. हीं पिलें दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात व रात्रीं दहा ते दोनच्या सुमारास अंगभरच्या रक्तांत उतरतात. कारण त्यांस नेणारा क्यूलेक्स डांस रात्रीं चावतो. तेव्हां आम्हीं त्या तरुणास सकाळीं बोलाविलें, हें चोर रात्रीं येतो म्हणून पहारा दिवसा ठेवण्यासारखें झालें. मनुष्याच्या रक्तांत हीं पिलें १८७२ सालीं लुईस यानें कलकत्त्यास पाहिलीं, आणि तीं डांसाच्या पोटांत वाढतात हें मॅन्सन यानें १८७७ सालीं चीनमध्यें शोधिलें.

कृमींच्या वास्तव्यानें लसीकावाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, ओघ तुंबतो. मग पाय सुजतो, अंडवृद्धि होते. तुंबलेल्या पायांत जंतु सहज माजतात, आणि अधूनमधून थंडी वाजून ताप भरतो. आमच्या पूर्वजांचें निरीक्षण येथें थक्क करणारें आहे. या रोगास ते श्लीपद म्हणत. ज्वरासह जांघेंत सूज उत्पन्न होऊन ती क्रमानें पायावर उतरते, असें माधवनिदानांत सांगितलें आहे. ज्या देशांत जुनें पाणी सांचून राहतें तेथें हा रोग विशेष, असें सुश्रुतानें निदानस्थानांत नोंदविलें आहे. डांस त्यांस दिसला नाहीं, पण पाणी दिसलें.

नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे महाराष्ट्रांतील हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत गणले जात आले आहेत. नांदेडास गोदावरी आहे. परंतु ज्या लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें हा रोग कसा, असें कोणी विचारील. उत्तर असें, कीं क्यूलेक्सला निर्मळ पाणी लागतच नाहीं. तुंबलेलें गटार व शौचकूपाची उघडी टांकी त्यास पुरते, आणि तेवढें पाणी दुष्काळांतही आपल्या दारापुढें असतें.

लातुराकडील आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, तो पाय खुर्चीखालीं ओढून बसला. पुष्कळ आग्रहानंतर त्यानें सांगितलें, कीं गोळ्या घरीं येत होत्या, पण "मला काय झालें आहे?" म्हणून त्या कपाटांतच पडून राहिल्या. येथेंच सारें मर्म आहे. पिलें रक्तांत असूनही मनुष्य वर्षानुवर्षें धडधाकट दिसतो, आणि त्याच्यापासून डांस तीं शेजाऱ्याच्या घरीं पोंचवितो. सामुदायिक मोहिमेंतील गोळ्या रक्तांतील पिलें नष्ट करितात. म्हणून त्या निरोग्यानेंही घ्यावयाच्या. त्या उपाशीपोटीं घेऊं नयेत; दोन वर्षांखालील मुलें, गर्भवती स्त्रिया व अति आजारी यांस देऊं नयेत. कोणास थोडा ताप वा मळमळ झाली, तर ती बहुधा पिलें मरत असल्याची खूण असते व लवकरच ओसरते. श्रीलंकेनें याच मार्गानें रोग हटविला, व २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तसें मान्य केलें. ज्यांचा पाय आधींच सुजला आहे त्यांनीं तो रोज साबणानें धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या, बसतांना पाय उंच ठेवावा. तापाचे झटके त्यानें पुष्कळ कमी होतात. आणि घरच्यांनीं त्या पायाची लाज बाळगूं नये. पाय लपविला कीं उपचारही लपतो.

पुढें गोळ्या वांटावयास दुसराच सेवक आला. त्या वेळीं आम्हीं घरांतील सर्वांस जेवणानंतर ओळीनें बसवून त्याच्यासमक्ष गोळ्या गिळावयास लाविल्या, आणि पहिली आम्हीं घेतली. तो पहिला तरुण मात्र पुन्हां दिसला नाहीं. त्या रात्रीचा आमचा थेंब द्यावयाचा राहिला तो राहिलाच.