बोली आणि खूण

नांदेड-लातूरकडे सुटीत मेंढीकोटाचा डाव रंगला आणि कोणी समोरच्या भिडूला डोळ्याने खुणावले, की तंटा ठरलेलाच. ब्रिजमध्येही समोरासमोरचे दोघे भिडू असतात. तिथे मात्र डाव सुरू होण्यापूर्वी बोलीतून आपल्या पत्त्यांची माहिती भिडूला द्यायचीच असते.

अडचण अशी, की ५२ पत्त्यांतून १३ पत्ते हाती येण्याचे ६३,५०१ कोटींहून अधिक प्रकार आहेत. बोली मात्र ३५च : चार रंग व बिनहुकूम, प्रत्येकी एक ते सात. म्हणून काही बोलींना ठरवून वेगळा अर्थ देतात. त्याला संकेत म्हणतात.

अमेरिकेतील ईझ्ली ब्लॅकवुड यांनी १९३३ साली असा एक संकेत सुचवला. ‘चार बिनहुकूम’ म्हणजे प्रश्न : तुझ्याकडे एक्के किती? ‘पाच किलवर’ म्हणजे एकही नाही किंवा चारही. ‘पाच चौकट’ एक, ‘पाच बदाम’ दोन, ‘पाच इस्पिक’ तीन.

समजा, हुकूम बदाम ठरला आहे आणि आपल्याकडे दोन एक्के आहेत. सहाच्या बोलीला १३ पैकी १२ हात करावे लागतात. म्हणजे एकच हात गमावता येतो. उत्तर ‘पाच किलवर’ आले, तर दोन एक्के प्रतिपक्षाकडे आहेत. तेव्हा पाच बदामांवरच थांबावे. ‘पाच चौकट’ आले, तर सहा बदाम बोलण्यास हरकत नाही.

मग ही खूणच नव्हे का? नाही. प्रतिपक्षाने विचारल्यास संकेताचा अर्थ सांगावाच लागतो. पत्ते झाकलेले असतात, भाषा नाही. वर्गात हा फरक मुलांना विचारून पाहा.