बुटांची झिलई आणि वनस्पतींचें मेण

बूट काळे केले म्हणजे त्यांस पॉलिश झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. रंग आणि झिलई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोळसा काळा असतो, पण तो आरशासारखा लखलखत नाहीं. ज्या वस्तूचा पृष्ठभाग गुळगुळीत, तिच्यावरून प्रकाश एका दिशेनें परततो व ती चकाकते. चामड्यावर बारीक छिद्रें व सुरकुत्या असल्यामुळें प्रकाश विखुरतो. ते खळगे भरून वर एक पातळ, कठीण थर बसविणें, हेंच पॉलिशचें खरें काम होय. हें काम केवळ वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थांनीं साधेल काय, याचा येथें विचार करूं.

आपल्या अंगणांतील जास्वंदीस इंग्रजींत ‘शू-फ्लॉवर’, म्हणजे बुटांचें फूल, असें एक नांव आहे. तिच्या पाकळ्या चामड्यावर चोळल्या असतां त्यांतील रंग व बुळबुळीत रस वाळून काळसर तकाकी येते. पण हा रस पाण्यांत विरघळणारा. पावसाची एक सर आली कीं शोभा संपली.

कित्येक लोक बुटांस नुसतें तेल चोपडतात. तेल चामड्याच्या तंतूंत शिरून त्यांस मऊ ठेवतें, हें खरें. परंतु तें अधिक झाल्यास चामडें ढिलें पडतें व त्यावर धूळ बसते. जवसाचें तेल वाळून कठीण होतें, पण त्यानें कालांतरानें चामडेंही ताठर होतें. शिवाय त्यांत भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेण्याचा संभव असतो. तेव्हां तेलास मेणाची जोड हवी.

असें कठीण मेण ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत सिआरा, पियाउई इत्यादि प्रांतांत होणाऱ्या कार्नौबा नांवाच्या ताडापासून मिळतें. तेथील कोरडा ऋतु कडक असतो. पानांतील पाणी उडून जाऊं नये म्हणून त्यांवर मेणाचा लेप असतो. पानें तोडून वाळवितात, झोडपून त्यांवरील भुकटी काढतात व ती वितळवून गाळतात. मधमाशांचें मेण सुमारें ६३ अंश सेल्सिअस उष्णतेस वितळतें. कार्नौबास सुमारें ८३ अंश लागतात. जें मेण पानांतील पाणी बाहेर जाऊं देत नाहीं, तेंच बुटावर बसलें म्हणजे बाहेरचें पाणी सहसा आंत शिरूं देत नाहीं.

आतां कृति. घरीं काजळ धरतात त्याप्रमाणें एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचें ताट धरून अर्धा चमचा काजळी जमवावी. ४० ग्राम एरंडेल घेऊन त्यांतील थोड्या तेलांत काजळी आधीं चांगली खलावी. कोरडी टाकल्यास गुठळ्या होतात. मग १० ग्राम कार्नौबा मेण व उरलेलें तेल लहान भांड्यांत घालून तें भांडें उकळत्या पाण्याच्या पातेल्यांत ठेवावें. पाणी १०० अंशांच्या वर तापत नाहीं, म्हणून मेण वितळतें, पण पेट घेत नाहीं. मेणाचें भांडें विस्तवावर थेट कधींही ठेवूं नये, आणि मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखतच करावें. शेवटीं खललेली काजळी मिसळून मिश्रण डबींत ओतावें. निवाल्यावर घट्ट वाटल्यास पुन्हां वितळवून थोडें तेल घालावें; सैल वाटल्यास थोडें मेण.

लावण्यापूर्वीं बुटांची धूळ झाडावी. ओले बूट सावलींत वाळवावे. पॉलिश अगदीं पातळ लावून थोड्या वेळानें कोरड्या फडक्यानें जोरानें घासावें. घर्षणाच्या उबेनें मेण किंचित् मऊ होऊन सारखें पसरतें, आणि मगच झिलई येते. थर जाड दिल्यास काजळी मोज्यांस लागते. नवें पॉलिश प्रथम बुटाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावें. लव असलेल्या चामड्यास तें लावूंच नये.

विद्यार्थिमित्रहो, तेल आंतून जपतें, मेण बाहेरून राखतें, काजळी रंग देते. परंतु या तिघांस एकत्र आणून चकाकी आणणारा चौथा पदार्थ डबींत मिळत नाहीं. तो म्हणजे आपल्या हाताचे श्रम. चांगल्या जोड्यास आईबापांचे पैसे पडतात. तो अधिक दिवस टिकविणें आपल्याच हातीं आहे.