महाविद्यालयाच्या परिसरात आयओटी : पाण्याच्या टाकीचे उदाहरण

1. प्रस्तावना
संवेदक बसवलेल्या वस्तू मोजमाप घेतात, ते नेटवर्कवरून पाठवतात आणि त्यावरून निर्णय घेतला जातो. या व्यवस्थेला इंटरनेट ऑफ थिंग्ज किंवा आयओटी म्हणतात. आयआयटी भिलाई 2016 साली सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील तिच्या कायमस्वरूपी परिसराचे लोकार्पण 20 फेब्रुवारी 2024 रोजी झाले. अशा नव्या परिसरात केबलची सोय बांधकामाबरोबरच करता येते. जुन्या महाविद्यालयांना मात्र उभ्या इमारतींतच उपकरणे बसवावी लागतात. आपण या दुसऱ्या परिस्थितीचा विचार करू.

2. मोजमाप : स्थानिक हवामानाचा परिणाम
वसतिगृहाच्या टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासोनिक संवेदक बसवला आहे असे समजा. ध्वनी पाण्यावर आदळून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून तो अंतर काढतो.

ध्वनीचा वेग (मीटर/सेकंद) = 331.3 + 0.606 × तापमान (अंश सेल्सिअस)

20 अंशांना हा वेग सुमारे 343, तर 45 अंशांना सुमारे 359 येतो. पाण्याची पातळी झाकणापासून 2 मीटर खाली असेल आणि टाकीतील हवा 45 अंशांवर असेल, तर ध्वनीला जाऊन येण्यास सुमारे 11.16 मिलिसेकंद लागतात. प्रोग्राममध्ये 343 हाच वेग कायम धरला असेल, तर अंतर 1.91 मीटर दिसते. म्हणजे पाणी सुमारे 9 सेंटिमीटर जास्त दिसते. टाकीचा तळ 12 चौरस मीटर असल्यास ही चूक सुमारे 1000 लिटरची होते. ऐन मे महिन्यात पंप वेळेवर सुरू होत नाही आणि मुलांच्या नळाला पाणी येत नाही. उपाय सोपा आहे : सोबत तापमान संवेदक लावून दर वेळी वेग नव्याने काढावा.

3. जोडणी
वाय-फायला वीज जास्त लागते आणि त्याचा पल्ला कमी असतो. दर 15 मिनिटांनी एकच आकडा पाठवायचा असेल, तर लोरा तंत्र सोयीचे पडते. भारतात त्यासाठी 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा परवानामुक्त पट्टा वापरतात.

4. सुरक्षा
2016 साली ‘मिराई’ या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. म्हणून पासवर्ड बदलणे आणि उपकरणांचे नेटवर्क परीक्षा विभागाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

5. देखभाल
खरेदीला एकदाच निधी मिळतो. बॅटरी मात्र पुन्हा पुन्हा बदलावी लागते. ती कोण बदलणार आणि खर्च कोणत्या खात्यातून होणार, हे खरेदीपूर्वीच लिहून ठेवावे. प्रकल्प करणारे विद्यार्थी पदवी घेऊन गेले की सर्किटचा नकाशाही त्यांच्याबरोबर जातो. तो प्रयोगशाळेत जमा करून घ्यावा.

6. सारांश
सुरुवात एका टाकीपासून करावी. वर्षभर आकडे बरोबर आले, तरच दुसरी टाकी जोडावी.

स्वाध्याय
तुमच्या गावातील जानेवारी व मे महिन्यांचे तापमान घेऊन वरील चूक दोन्ही महिन्यांसाठी काढा.