खेळ तिच्या पसंतीचा



आमच्या हिमायतनगरात दुपारी दोन ते चार या वेळात फारसं काही घडत नाही. ऊन असतं, रस्ता रिकामा असतो, कुठंतरी शिलाई मशीन चालू असतं. आमच्या घरात मात्र याच वेळेला गेल्या काही वर्षांत बॉम्बस्फोट झाले, एक राजवट कोसळली, एका मुलीला विषबाधा होता होता राहिली आणि दहा-बारा प्रेमप्रकरणं रंगली. ऐकणाऱ्या तिघी : आई, धाकटी काकू आणि शेजारच्या मावशी. सांगणारी मी. आणि हे सगळं घडतं ते माझ्या हातातल्या खेळात.

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदुका, मोटारींच्या शर्यती आणि अभ्यास बुडवणारी मुलं येतात. पण जपानात तीस वर्षांपासून खास मुलींसाठी आणि बायकांसाठी प्रेमकथांचे खेळ निघतात. त्यांना 'ओतोमे गेम' म्हणतात. ओतोमे म्हणजे तरुण मुलगी. मला या खेळांचं वेड आहे. नवा खेळ येणार अशी बातमी लागली, की लोक दिवाळी अंकाची वाट पाहतात तशी मी त्याची वाट पाहते. हे वेड नेमकं कशाचं, हे मी आज सांगणार आहे.

आधी खेळ कसा असतो ते सांगते. खरं तर हे खेळणं कमी आणि वाचणं जास्त. पडद्यावर एका माणसाचं सुरेख चित्र असतं, खाली त्याचं बोलणं अक्षरांत उमटतं आणि जपानी नटाच्या आवाजात ते ऐकूही येतं. गोष्टीची नायिका म्हणजे आपण. गोष्ट पुढं सरकता सरकता एका ठिकाणी थांबते आणि आपल्यापुढं दोन-तीन वाक्यं येतात. 'खरं सांगावं', 'गप्प राहावं', 'निघून जावं', अशी. त्यातलं एक निवडायचं. त्या निवडीवर पुढचं ठरतं. असे अनेक प्रश्न पार करता करता पाच-सहा नायकांपैकी एकाच्या वाटेला आपण लागतो. शेवट गोड होतो किंवा फार वाईट होतो. वाईट झाला तर मागं ठेवलेल्या खुणेपाशी परत यायचं आणि दुसरं उत्तर देऊन बघायचं. सगळ्या वाटा चालून व्हायला तीस-चाळीस तास सहज लागतात. काही खेळांत तर मुख्य नायकाची वाट बाकीच्यांच्या गोष्टी संपल्याशिवाय उघडतच नाही.

या प्रकारची सुरुवात १९९४ सालची. कोएई नावाच्या जपानी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक केइको एरिकावा. खेळ बनवणारे पुरुष आणि खेळणारेही पुरुष, हे त्यांना खटकत होतं. त्यांनी कंपनीत बायकांचा एक गट उभा केला. त्याचं नाव 'रुबी पार्टी'. या गटानं केलेला पहिला खेळ 'अँजेलिक'. त्यातली नायिका सतरा वर्षांची साधी शाळकरी मुलगी. विश्वाच्या पुढच्या राणीची निवड व्हायची असते, आणि दोन उमेदवारांपैकी एक ही असते. दुसरी रोझालिया, लहानपणापासून राणी होण्यासाठीच वाढवलेली. दोघींना एकेक भूखंड सोपवला जातो. तो फुलवायचा, त्यासाठी नऊ रक्षकांची मदत मागायची. त्या रक्षकांपैकी एखाद्यावर जीव जडला, तर राणीपद सोडावं लागतं. राज्य की प्रेम, हा प्रश्न राजकन्येच्या बापाला न विचारता तिलाच विचारणारी ही गोष्ट. याच मालिकेचा एक नवा खेळ २०२१ साली आला, तेव्हा त्यातली नायिका पंचवीस वर्षांची नोकरदार होती. खेळणाऱ्या मुली मोठ्या झाल्या, तशी नायिकाही मोठी झाली.

पुढं २००२ साली कोनामी कंपनीचा 'तोकिमेकी मेमोरियल गर्ल्स साइड' आला. शाळेची तीन वर्षं, अभ्यास, खेळ, कला यांत आपण किती वेळ घालायचा ते आपणच ठरवायचं, आणि रविवारी फिरायला जायचं. कपडे कोणते घालायचे इथपासून सगळं आपल्याकडे. २००८ साली 'हाकुओकी' आला, आणि माझ्यासारख्या अनेकींना या जगाचं दार त्यानंच उघडून दिलं.

'हाकुओकी'ची गोष्ट इतिहासातली आहे. आपल्याकडे सत्तावन्नचं बंड होऊन गेल्यानंतरची पाच-दहा वर्षं धरा. जपानात शोगुनांची सत्ता मोडकळीला आली होती. क्योतो शहरात शोगुनांच्या बाजूनं लढणारी तलवारबाजांची एक तुकडी होती, शिन्सेन्गुमी. ही खरीखुरी तुकडी. तिचा उपप्रमुख हिजिकाता तोशिझो १८६९ साली हाकोदाते इथं लढता लढता पडला. खेळातली चिझुरू हरवलेल्या डॉक्टर वडिलांना शोधायला मुलाच्या वेषात क्योतोला येते आणि या तुकडीच्या हाती लागते. त्यात रक्तपिपासू राक्षसांची कल्पित भानगडही आहे, पण मूळ दुःख इतिहासाचंच आहे. आपण ज्याच्यावर जीव लावतो आहोत तो हरणाऱ्या बाजूचा आहे, हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. पानिपत वाचताना आपलं जे होतं, तेच.

आमच्या मावशींचा आवडता खेळ मात्र 'कोड रिअलाइज', २०१४ सालचा. तिथली नायिका कार्डिया हिच्या अंगात असं विष आहे, की ती ज्याला हात लावेल ते वितळतं. एका ओसाड वाड्यात ती एकटी राहते. तू प्रेमाची आशा धरू नकोस, असं बापानंच तिला बजावलेलं. मी एवढं सांगितलं आणि मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर आपली विषकन्याच की!" त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव विषकन्याच पडलं. आईला आवडली ती 'कॉलर × मॅलिस' या २०१६ च्या खेळातली पोलीस पोरगी. तोक्योच्या शिंजुकू भागात एका गुप्त संघटनेनं दहशत माजवलेली, आणि या पोरीच्या गळ्यात विष सोडणारा पट्टा अडकवलेला. नोकरीही करायची, जीवही वाचवायचा आणि कुणावर विश्वास टाकायचा तेही ठरवायचं.

या खेळांत चित्रांइतकंच महत्त्व आवाजाला असतं. नवा खेळ जाहीर झाला की जपानी मुली आधी बघतात, कुणाचा आवाज आहे. या नटांचे कार्यक्रम होतात, तिथं गर्दी होते. याच खेळांवरून नुसत्या आवाजाच्या नाटिकाही तबकड्यांवर निघतात. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसाला यातली गंमत वेगळी सांगायला नको.

आता भाषेची गोष्ट. मी हे खेळ इंग्रजीतून खेळते आणि आईला मराठीत सांगते. मला एक शोध लागला. जपानीत कोण कुणाला काय म्हणतं याला फार किंमत आहे. आधी आडनाव आणि पुढं 'सान', मग कधीतरी नुसतं नाव. तेवढ्यानं नातं एक पायरी चढतं. 'गर्ल्स साइड'मध्ये तर आपण त्याला कोणत्या नावानं हाक मारायची हाही खेळाचाच भाग. घाईनं जवळिकीचं नाव घेतलं तर त्याला रुचत नाही. इंग्रजीत यातलं पुष्कळ हरवतं, कारण तिथं सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत मात्र ते परत सापडतं. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, अहो आहे, अरे आहे. नवऱ्याचं नाव नुसतं घ्यायचं नाही म्हणून उखाणा आहे. चिझुरू हिजिकाताला 'तुम्ही' म्हणते आणि तो तिला 'तू' म्हणतो, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. एकदा एका नायकानं पहिल्यांदा नायिकेचं नुसतं नाव घेतलं, तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला. "घेतलं बाई एकदाचं नाव!"

पण हे इंग्रजीत यायला वेळ लागतो. 'हाकुओकी' जपानात २००८ ला आला, इंग्रजीत २०१२ ला. अलीकडे हे अंतर कमी झालं आहे. 'ऑलिंपिया सोआरे' २०२० चा, तो पुढच्याच वर्षी मिळाला. 'गर्ल्स साइड'चे पहिले तीन भाग २०२४ साली नव्या यंत्रासाठी पुन्हा काढले, तेही फक्त जपानीत. एका खेळाचा मजकूर जाडजूड कादंबरीपेक्षा मोठा, आणि घेणारे थोडे. म्हणून एखादा खेळ इंग्रजीत येणार अशी घोषणा झाली की ती आमच्यासाठी सण असते. मग नायकांची चित्रं न्याहाळायची, तिघींना दाखवायची, आणि कुणाच्या वाटेनं आधी जायचं यावर भांडायचं. मावशींचा कौल नेहमी चष्मेवाल्याला. "चष्मेवाला शिकलेला असतो," असं त्यांचं म्हणणं.

सगळंच गोड आहे असं नाही. काही नायिका इतक्या मवाळ असतात की राग येतो. काही नायक दटावतात, कोंडून ठेवतात आणि गोष्ट त्यालाच प्रेम म्हणते. अशा वेळी आई सरळ म्हणते, "ह्याला सोड, दुसरा बघ." मोबाइलवरच्या काही खेळांत चित्रांसाठी सोडतीसारखे पैसे लावायला लावतात. एकदा सवय लागली की खिसा कधी रिकामा झाला कळत नाही. एकदाच किंमत देऊन घ्यायचे खेळ बरे, हा माझा अनुभव. यंत्रसुद्धा मी नवं घेतलेलं नाही. हैदराबादच्या मावसभावानं त्याचं जुनं दिलं.

आता जे सांगणार आहे, ते सांगावं की नाही असा विचार मी बरेच दिवस केला. मागच्या वर्षी मला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडशील का, उंची किती, असं सगळं विचारून झालं. मी उत्तरं दिली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ सुरू झाला. नायिकेपुढं तीन वाक्यं आली. काकू म्हणाल्या, "इचार त्याला, इचार!" मावशी म्हणाल्या, "गप ऱ्हा म्हण." आई काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "काल तुला काही इचारायचं होतं का गं?"

होतं. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पण गोष्ट तिथं थांबलीच नव्हती, आणि माझ्यापुढं कुणी वाक्यं ठेवली नव्हती. मी आईला विचारलं, "तुला तुझ्या वेळेला?" ती म्हणाली, "मी तर खालीच बघत बसले होते. तुझ्या बाबांचे पाय तेवढे दिसले."

त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरं स्थळ आलं. पाहुण्यांचे प्रश्न संपले आणि आई पदर सावरून म्हणाली, "आता आमच्या मुलीलाही काही इचारायचंय." खोलीत एकदम शांतता झाली. बाबांनी पंख्याकडे बघितलं. मी माझे दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर मुलानं चांगलं दिलं, दुसऱ्याचं त्याच्या काकांनी दिलं. ते स्थळ जुळलं नाही. काकांचा स्वभाव कळला, हेही नसे थोडके.

खेळानं माझं आयुष्य बदललं, असं मी म्हणणार नाही. खेळात वाईट शेवट झाला तर मागं येता येतं, आयुष्यात तशी खूण ठेवता येत नाही. म्हणून तर इथं आधी विचारायला हवं. हे खेळ बायका का खेळतात, असं मला कुणी विचारलं, तर देखण्या नायकांकडे बोट दाखवून हसणं सोपं आहे. देखणे असतातच ते. पण मी ज्याची वाट बघते तो क्षण वेगळा आहे. सगळं जग थांबतं, आणि एका मुलीला विचारतं, तुझं काय म्हणणं आहे? आणि ती उत्तर देईपर्यंत पुढं सरकत नाही.

परवाच एका नव्या खेळाची चित्रं बघत होते. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कधी येणार म्हणं हा?"

मी म्हटलं, "वेळ आहे अजून. इंग्रजीत यायला वर्ष तरी लागेल."

"येऊ दे," ती म्हणाली. "या खेपेला मी निवडणार. मावशींच्या चष्मेवाल्याचं पुरे झालं."